प्लगवाली गाडी आणि आपाचं नाक

मु. पो. पवनानगर, ता. मावळ
रविवार, सकाळ

आदरणीय ताजुन्निसा आपा यांस,

धाकटा भाऊ निजाम याचा अदबीने सलाम. इकडे अल्लाहच्या मेहरबानीने सगळे खुशाल आहेत. तुमची तब्येत, तुमचा गुडघा, तुमची शेळी आणि तुमचा राग हे चारही जागच्या जागी असतील अशी उमेद करतो. (इथपर्यंत 'तुम्ही' लिहिलं, कारण मोठ्या माणसांना पत्र असंच लिहायचं हे चौथीत गुरुजींनी शिकवलं होतं, आणि शाळेतलं माझ्याकडे तेवढंच शिल्लक आहे. पुढचं सगळं 'तू'वर येणार, तेव्हा रागावू नकोस.) परंदवडी ते पवनानगर अंतर पंचवीस-तीस किलोमीटर, दोघांच्याही घरात फोन, आणि हा शहाणा पत्र लिहीत बसलाय, असं तू म्हणशीलच. पण फोनवर तू पहिल्या वाक्यालाच 'नको' म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्र कुठं ठेवून दिलंस तरी ते तिथंच राहतं, आणि तुला घरात काही पडलेलं बघवत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून हा खटाटोप. तुझ्या गुडघ्यावर तुझ्या भावजयीने, नूरने, एरंडाचं पान गरम करून बांधायला सांगितलं आहे, ते बांध.

विषय असा आहे की आम्हाला गाडी घ्यायची आहे आणि तुझा सल्ला हवा आहे. जीप विकून तीन वर्षं झाली. धरणाच्या काठावरचे आपल्या जावेदचे पर्यटकांसाठीचे तंबू बरे चालतात, पाहुण्यांना कामशेत स्टेशनवरून आणायला गाडी लागते, नातवंडांना शाळा आहे, अशी कारणं आम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगतो. तुला खरं सांगतो. रमजानच्या आधी तू न्हाणीत घसरून पडलीस. शेजारच्या सरूबाईने दुधाचं भांडं परत करायला म्हणून दार वाजवलं, तोवर दोन तास तशीच पडून होतीस. हे मला कळलं चौथ्या दिवशी, तेही सरूबाईकडून. तुला विचारलं तर म्हणालीस, काही नाही रे, जरा बसले होते. आपा, न्हाणीत दोन तास कोण बसतं? त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. नूरने जेवायला वाढलं तरी माझं लक्ष फोनकडं असतं.

आणि तुला इकडं आणायचं म्हटलं की तुझं एकच ठरलेलं उत्तर. मला गाडी लागते, डिझेल-पेट्रोलचा वास आला की पोटात ढवळतं. दुल्हाभाई होते तोवर त्यांच्या स्कूटरवर मागं बसून तू खुशाल यायचीस, कारण उघड्यावर वास येत नाही. ते गेले त्याला नऊ वर्षं झाली. स्कूटर गेली, आणि त्या नऊ वर्षांत तू माहेरचा उंबरा पाहिला नाहीस. (जावेदच्या मोटरसायकलवर बसवावं तर गुडघा आडवा येतो.) आम्ही येतो, चहा पितो, तू आम्हाला डब्यात शेवया भरून देतेस आणि आम्ही निघतो. निघताना तू दारात उभी असतेस, ते मला आरशात दिसतं. तर मी ठरवलं की आता अशी गाडी घ्यायची, जिच्यात आपाच्या नाकाला काही सापडताच कामा नये.

यावरून घरात दोन पार्ट्या पडल्या. जावेदचं म्हणणं, साधी पेट्रोलची मोठी गाडी घ्या, टाकी भरा आणि निघा, डोक्याला ताप नको. शहिस्ताचं म्हणणं, प्लगवाली घ्या. (आपली सून तळेगावला ज्या कारखान्यात आहे तिथं गाड्यांचे भाग बनतात, त्यामुळे या विषयात तिच्यापुढं कोणाचं चालत नाही.) प्लगवाली म्हणजे अशी, की तिच्यात बॅटरीही असते आणि पेट्रोलचं इंजिनही असतं. रात्री घरात प्लग लावून ठेवायचा, की दुसऱ्या दिवशी पहिले चाळीस-पन्नास किलोमीटर नुसत्या विजेवर जाते. ना आवाज, ना वास. वीज संपली की इंजिन आपोआप चालू होतं, म्हणजे माणूस रस्त्यात अडकत नाही. मी लगेच हिशेब मांडला, की तुझ्याकडं पोचल्यावर पुन्हा प्लग लावला की परंदवडी ते पवनानगर म्हणजे सगळा प्रवास विजेवरच. नूरने एकच प्रश्न विचारला, की प्लग लावणार कुठं? घरात जाड प्लगची जागा एकच, ती पिठाच्या चक्कीची, स्वयंपाकघरात. म्हणजे वायर खिडकीतून बाहेर जाणार आणि गाडी खिडकीला नाक लावून उभी राहणार, भाकरी झाली का बघायला. शिवाय आपल्याकडं धरणावर वीज तयार होते आणि धरणाखाली आपली लाइट जाते, ते वेगळंच. सगळ्यात शेवटी जावेद म्हणाला, अब्बा, आपण घरात सहा माणसं, मग सात सीटची गाडी कशाला? मी म्हणालो, असू दे. तो म्हणाला, सातवं कोण? मी चहा पीत राहिलो.

आता तुझं नाक तर परंदवडीत. तुला न आणता तुझ्या नाकाची परीक्षा कशी घ्यायची? पण सत्तावीस वर्षं मी कामशेत-पवनानगर वडापची जीप चालवली आहे. कोण कुठं चढतं, कोण कुठं उतरतं आणि कोण कुठल्या वळणावर उलटी करतं, हे मला तोंडपाठ आहे. तुझ्या तोडीचं नाक आख्ख्या खोऱ्यात एकच, तिकोणा पेठेजवळच्या वाडीवरच्या बाया मावशीचं. वीस वर्षं ही बाई माझ्या जीपमधून करवंदं घेऊन कामशेतला जायची आणि वीस वर्षं कडध्याच्या अलीकडच्या वळणावर तिने मला गाडी थांबवायला लावली. वळण कधी चुकलं नाही. मी वाडीवर गेलो, तिला विनंती केली. ती म्हणाली, येती, पण कामशेतचा बाजार करून माघारी सोडायचं. ठरलं.

पहिल्या दिवशी पेट्रोलची गाडी आली. शोरूममधून सत्यम नावाचा तरणा सेल्समन आला, टाय लावून, पॉलिशचे बूट घालून. बाया मावशी मधल्या रांगेत खिडकीशी बसली, मांडीवर रिकामी पिशवी. (सराईत माणूस.) सत्यमला वाटलं माझी सासू असेल, तो तिला एअरबॅग किती आहेत ते सांगू लागला. गाडी मी चालवत होतो. उंच, थंड, गुबगुबीत. येळसे मागं पडलं, मावशी गप्प. मला वाटलं जमलं. आणि त्याच वळणावर, तसूभरही पुढं नाही की मागं नाही, मावशी म्हणाली, थांबव. सत्यमने नाकाला रुमाल लावला. मी त्याला म्हणालो, मुला, पेट्रोल नापास. त्याने वहीत काहीतरी लिहिलं.

आठ दिवसांनी तोच सत्यम प्लगवाली घेऊन आला. मावशी त्याच जागी, पिशवी तीच. आपा, या गाडीचं काय सांगू! चावी फिरवल्यासारखं काही केलं तरी आवाजच नाही. मावशीने दोनदा विचारलं, ही चालू हाय का न्हाई? येळशात एक म्हैस रस्त्यात उभी होती. तिला आम्ही आलेलं कळलंच नाही, शेवटी मी काच खाली करून तिला हाक मारली. माझा जीव सुखावला. आता इथं माझ्याकडून एक चूक झाली, तीही सांगतो. सत्तावीस वर्षांची सवय. रस्त्याच्या कडेला हात दिसला की माझा पाय ब्रेकवर जातो. हे मी करत नाही, पाय करतो. पहिला हात दिसला दोन दुधाच्या किटल्यांसकट, दुसरा कोंबड्यांच्या पाटीसकट, तिसरी अंगणवाडीची रेणुका अंड्यांचे ट्रे घेऊन. पुढं आणखी पाचजण. सगळी ओळखीची माणसं. तीन वर्षांनी निजामभाऊ गाडी घेऊन आले म्हणून त्यांना आनंद, आणि मला कोणाला नाही म्हणता येत नाही. सत्यमला त्यांनी माझा क्लीनर समजून पाट्या हातात दिल्या. तो म्हणत होता, सर, ही टेस्ट ड्राइव्ह आहे. मी म्हणालो, मग भरून टेस्ट कर की, रिकामी तर कुठलीही गाडी पळते. कडध्याच्या अलीकडं आलो तेव्हा आत अकरा माणसं होती, शिवाय कोंबड्या, आणि सत्यम डिकीत अंडी धरून बसला होता.

आणि वळणावर मावशी म्हणाली, थांबव.

मी हबकलोच. उतरून सत्यमला म्हणालो, तुझी गाडी खोटी आहे, आत कुठंतरी पेट्रोलचा वास मारतोय. त्याने बिचाऱ्याने मला पडद्यावर दाखवलं. इंजिन अजून एकदाही चालू झालेलं नाही, सगळा प्रवास विजेवर. मी म्हणालो, मग टाकीचा वास असेल. तो म्हणाला, सर, टाकी बंद असते. मी म्हणालो, नाकाला बंद काही नसतं. असं करत कामशेत आलं, माणसं उतरली, मावशीने बाजार केला. त्या दिवशी शहिस्ताची अर्धी पाळी होती, ती तळेगावहून लोकलने उतरली. तिने गाडीकडं पाहिलं, माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाली, अब्बा, परत जाताना जरा मी चालवू? सत्यमने चावी इतक्या चटकन दिली की मला बरं वाटलं नाही. (ती गाडी चालवायला शिकली तेव्हा दर रविवारी मी तिला हसायचो, की घाबरून चालवतेस, पुढचं दिसायच्या आधीच वेग कमी करतेस. तिने कधी उलट उत्तर दिलं नाही. गुणाची पोरगी.) मी मावशीशेजारी मागं बसलो. आयुष्यात पहिल्यांदा.

अकरा माणसं आणि एसी ओढून बॅटरी दमली होती. कामशेत सोडल्यावर चढाला लागलो आणि इंजिन चालू झालं. आवाज आला, पेट्रोल आलं. मी मनात म्हणालो, संपलं, आता वळणाचीही वाट बघायला नको. पिशवी उघडून मावशीपुढं धरली. बघतो तर मावशी तोंड उघडं टाकून झोपली होती. करुंज गेलं, कडधे गेलं, ते वळण आलं आणि गेलं. मावशी घोरत होती. (मी मात्र खिडकी खाली केली. का ते पुढं येईल.) वाडीवर तिला उठवलं आणि विचारलं, मावशी, आज इंजिन चालू होतं, तरी कसं काही झालं नाही? तिने पिशवी झटकली, शहिस्ताच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली:

"निजामभाऊ, मला गाडी लागत न्हाई. तुजं चालवनं लागतं. वीस वरीस म्हनलं न्हाई, तुजं पोट होतं त्यावर."

सत्यमने वहीत काहीच लिहिलं नाही. शहिस्ताने आरसा उगाच नीट केला.

आपा, दोन दिवस मी विचार केला, आणि मावशीचं खरं निघालं. ते वळण संपलं की लगेच थांबा होता. वळणातच कळायला हवं, की थांब्यावर माणूस आहे का, आणि असला तर मागच्या जीपवाल्याच्या आधी तो आपल्याला मिळायला हवा. म्हणून वळणातच ब्रेक, मान बाहेर, माणूस नसला की पुन्हा दामटायची, असला की पुन्हा ब्रेक. दिवसात आठ खेपा, सत्तावीस वर्षं. सगळ्या मावळाचं पोट ढवळत मी हिंडलो आणि दोष डिझेलला देत राहिलो. आणि मग मला तुझे ते पंधरा दिवस आठवले.

तुला आठवतात का? मी वीस वर्षांचा, जीप नवी, आणि कोणी बसेना. रिकाम्या गाडीत माणूस चढत नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. त्यातून पोरगेला ड्रायव्हर. तीन दिवस मी कामशेतला जीप लावून उभा, लोक माझ्यापुढून जाऊन दुसऱ्याच्या टपावर बसायचे. तू तेव्हा माहेरपणाला आली होतीस. चौथ्या दिवशी सकाळी तू बुरखा घातलास, हातात लिंबू घेतलंस आणि माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसलीस. लेकीबाळी बसतात म्हणजे गाडी बरी, असं लोकांना वाटावं म्हणून. आणि लोक चढले. पंधरा दिवस तू रोज बसलीस. रोज लिंबू हुंगत, रोज त्या वळणावर जीप थांबवत, आणि थांब्यावर कोणी विचारलं की पांढऱ्याफटक चेहऱ्याने सांगायचीस, लय बेस चालवतो माझा भाऊ, मलाच मेलं डिझेल सहन होत नाही. बायका माहेरपणात लोळतात, झोपतात, आयतं जेवतात. तुझं माहेरपण माझ्या जीपमध्ये ओकण्यात गेलं. सासरी परत गेलीस तेव्हा दुल्हाभाईंनी विचारलं होतं, माहेरी हिला उपाशी ठेवली होती का?

काल मी सरूबाईला फोन केला, सहज, तब्येत विचारायला. बोलता बोलता म्हणालो, आपाला गाडी लागते ना, त्यामुळं पंचाईत. ती म्हणाली, कुणाला? आपांना? त्या तर दर आठवड्याला एसटीनं तळेगावच्या बाजारला जातात, खिडकीशी बसून शेंगा खात. मी फोन ठेवला आणि ओट्यावर जाऊन बसलो. नूरने दोनदा येऊन पाहिलं, की या माणसाला झालं काय. आपा, तीस वर्षं. तीस वर्षं तू बिचाऱ्या डिझेलवर आळ घेतलास, एकदाही म्हणाली नाहीस की निजाम, तुला गाडी चालवता येत नाही. तेव्हा म्हणाली असतीस तर वीस वर्षांचं पोर दुसऱ्या दिवशी जीप विकून मोकळं झालं असतं. मग हे घर नसतं, जावेदची शाळा नसती, हे तंबू नसते. आज मी जो काही आहे तो तुझ्या त्या पंधरा दिवसांवर आहे. हे तोंडावर बोलायला मला जमणार नाही, तू हातातलं लाटणं उगारशील, म्हणून लिहून टाकतो. तुझे उपकार फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत. तुझ्या उपकारात राहायला मला बरं वाटतं.

तर आता तू सांगशील तशी गाडी घेऊ. पेट्रोल की प्लगवाली, तुझा शब्द शेवटचा. नूर, जावेद, शहिस्ता आणि दोन्ही नातवंडांचा तुला सलाम. सरूबाईला माझा नमस्कार सांग आणि तिच्यावर चिडू नकोस, तिला काही ठाऊक नव्हतं.

तुझ्या दुआवर चाललेला,
तुझा धाकटा भाऊ,
निजाम

ता. क. १: सल्ला विचारला खरा, पण गाडी कालच बुक केली. प्लगवाली. शहिस्ता म्हणाली, वासाचा प्रश्न मिटला तरी बाकीची कारणं आहेतच, आणि मी सध्या तिच्याशी वाद घालण्याच्या परिस्थितीत नाही. कोंबड्यांनी खराब केलेल्या सीट सत्यम स्वतःच बदलून घेणार आहे, म्हणजे आमच्या नव्हे, शोरूमच्या गाडीच्या. त्याबदल्यात त्याला चार दिवस तंबूत फुकट राहायला बोलावलं आहे.

ता. क. २: पुढच्या महिन्यात गाडी आली की पहिल्या शुक्रवारी सकाळी आम्ही तुला घ्यायला येतोय. चार दिवसांसाठी म्हणून तुला सांगायचं, असं घरात ठरलं होतं, पण तुझ्याशी खोटं बोलून मी आधीच पुष्कळ दमलो आहे. कायमची चल. मागची खोली रंगवून घेतली. तिला लागून नवी न्हाणी बांधली, फरशी खरखरीत आहे, भिंतीला धरायला दांडी आहे, दाराला आतून कडी नाही. चक्कीच्या प्लगपासून गाडीपर्यंतची वायर उंचावर टांगली आहे, तुझ्या शेळीचं तोंड पोचणार नाही. भावाच्या घरी बहीण चार दिवसच बरी, असं तू मनात म्हणत असशील. ते लोकांसाठी खरं असेल. आपल्यात गाडी भरल्याशिवाय हलत नाही, आणि सातवी सीट रिकामी आहे. गाडी लागण्याचा बहाणा आता संपला, आणि चालवणार शहिस्ता.

ता. क. ३: येताना एक लिंबू आण. तुला नाही, मला. त्या दिवशी मागं बसलो तर कडध्याच्या वळणावर गाडी लागली मलाच. पायाखाली ब्रेक नाही, समोर स्टिअरिंग नाही, आणि पोट ढवळतंय. मावशी झोपेत होती, तेव्हा हे फक्त मला माहीत आहे आणि आता तुला. घरात कोणाला सांगू नकोस. शुक्रवारी माझ्या शेजारी बस आणि कोणी विचारलं तर सांग, निजामला मेलं पेट्रोल सहन होत नाही.